एकेचाळिसावी लेव्हल कोणी सोडवली?

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. ‘यार्ड’ नावाच्या व्हिडिओ गेमबद्दल अधिकारवाणीने बोलू शकतील अशी माणसं जगात फार थोडी आहेत, आणि त्यातला एक मी आहे! फार थोडी म्हणजे किती, तेही सांगतो. त्रेचाळीस. सगळ्या जगात मिळून या गेमवर त्रेचाळीस खेळाडूंनी अभिप्राय लिहिले होते, आणि ते सगळे मला जवळजवळ पाठ होते.

गेम दिसायला अगदी साधा. रेल्वेचं एक यार्ड, अकरा रूळ, एक इंजिन आणि रंगीबेरंगी मालडबे. डबे ओढायचे, ढकलायचे आणि सांगितलेल्या क्रमाने लावायचे. बस्स! पण पाचव्या लेव्हलला घाम फुटतो आणि विसाव्या लेव्हलला माणूस स्वतःच्या शिक्षणाबद्दल शंका घ्यायला लागतो.

खरं सांगू? गेमइतकाच नाद मला त्या अभिप्रायांचा होता. कोण असतील हो ही माणसं? एकाने लिहिलं होतं, ‘दोनशे तास खेळलो. आवडला की नाही ते अजून ठरलेलं नाही.’ दुसरा म्हणतो, ‘मदत नाही, सूचना नाही, दयामाया नाही. पाच तारे!’ एक बाई लिहितात, ‘दाढ दुखत होती म्हणून खेळायला घेतला. दाढ काढून झाली, गेम सुटत नाही.’ आणि एका महाभागाने नुसतं ‘का?’ एवढंच लिहून चार तारे दिले होते. जेवतानाही माझ्या डोक्यात तेच. हा ‘का?’वाला दिसत कसा असेल? त्याच्या घरचे त्याला काय म्हणत असतील?

माझ्या घरचे मला काही म्हणत नव्हते. कारण त्यांना हा गेम आहे हेच माहीत नव्हतं!

त्याचं असं झालं. मी एका मालवाहतूक कंपनीत नियोजन विभागात आहे. कुठला माल कुठल्या गाडीत आधी चढवायचा, ते ठरवायचं. त्यामुळे पडद्यावर रंगीत डबे दिसले की कुणालाही वाटावं, बिचारा घरीसुद्धा राबतोय! एकदा बायकोने मागून येऊन विचारलं, “हे काय रे?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “ऑफिसचं काम.” तिचा विश्वास बसला. आता बसलेला विश्वास उठवायचा कशाला? तेव्हापासून रोज संध्याकाळी सात ते नऊ, कानाला हेडफोन लावून, मी हॉलच्या कोपऱ्यात ‘ऑफिसचं काम’ करायचो.

यात अडचण एकच होती, पण ती चांगली सोफ्याएवढी होती. अडीच महिन्यांपूर्वी सासूबाई आमच्याकडे आल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, विश्रांती हवी. त्यांच्यासाठी मागची खोली रिकामी करून देतो असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. त्या खोलीत काय नव्हतं! मोडका पंखा, लग्नातली खोकी, दोन सायकली, न उघडलेली व्यायामाची यंत्रं. “आठवड्यात करतो,” म्हणालो होतो. पण ऑफिसचं काम! त्यामुळे सासूबाई अडीच महिने हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होत्या. बायको रोज विचारायची आणि मी रोज हेडफोनकडे बोट दाखवायचो. मनाला लागायचं हो! पण एकेचाळिसावी लेव्हल त्याहून जास्त लागत होती.

महिनाभर मी तिच्यात अडकलो होतो. शेवटी डोकं फिरलं आणि मी चव्वेचाळिसावा अभिप्राय लिहिला. एक तारा! ‘एकेचाळिसावी लेव्हल सुटूच शकत नाही. मी या क्षेत्रातला जाणकार आहे. ही बनवणाऱ्याची चूक आहे, आणि ती त्याने कबूल करावी.’ ऑफिसात मी तो मोठ्याने वाचून दाखवला. साहेब म्हणाले, “व्वा! काय बाणेदार लिहिलंय!” नऊ जणांनी तो अभिप्राय उपयुक्त असल्याचं बटण दाबलं. त्रेचाळीस माणसांच्या गावात नऊ म्हणजे काय, विचार करा!

तिसऱ्या दिवशी गेम बनवणाऱ्याचं उत्तर आलं.

‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. मात्र आपल्या खात्यावरून ही लेव्हल आजवर सहा वेळा सुटली आहे, दर वेळी सोमवार ते शुक्रवार, सकाळी अकरा ते दीडच्या दरम्यान. शेवटच्या वेळी सत्तावीस चालींत. मला स्वतःला एकतीस लागतात. आपण हे कसं केलंत, कृपया सांगाल का?’

मी ते चारदा वाचलं. अकरा ते दीड? तेव्हा मी ऑफिसात असतो!

माझ्या शेजारच्या टेबलावर शंकासुर बसतो. हे त्याला ऑफिसने दिलेलं नाव. लिफ्टचं बटण दाबूनही लिफ्ट येईल यावर त्याचा विश्वास नसतो. त्याने माझ्या अभिप्रायाखालचा आकडा बघितला आणि डोळे बारीक केले.

“चारशे दहा तास खेळलायस तू?”

“असेन.”

“गेम घेऊन चार महिने झाले. रोजचे दोन तास धर. दोनशे चाळीस होतात. उरलेले एकशे सत्तर तास कोण खेळलं?”

बायको दिवसभर दातांच्या दवाखान्यात असते, स्वागतकक्षात. घरी फक्त सासूबाई. त्यांचा तर मी विचारही केला नाही! ज्या बाईने मला टीव्हीचा आवाज कमी कसा करायचा ते तीनदा विचारलं, ती एकेचाळिसावी लेव्हल सोडवणार?

“हॅकर!” शंकासुर म्हणाला.

“हॅकर माझ्या खात्यात शिरून कोडी सोडवतो आणि निघून जातो?”

“तेच तर! असा हॅकर आजवर झालेला नाही.”

त्या संध्याकाळी मी पासवर्ड बदलला. चांगला अवघड ठेवला, आणि विसरू नये म्हणून चिठ्ठीवर लिहून की-बोर्डखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी बनवणाऱ्याचा पुन्हा निरोप. ‘अभिनंदन! सव्वीस!’

झालं! ऑफिसात आनंदीआनंद. मी कितीही नाही नाही म्हटलं तरी सगळ्यांना वाटलं मी विनयाने बोलतोय. साहेब तर हट्टालाच पेटले. “रविवारी तुमच्या घरी येतो. सव्वीस चाली डोळ्यांनी बघायच्यात!” शंकासुर म्हणाला, “मीही येतो. मला नाही वाटत याला जमेल.”

आता तुम्हीच सांगा! ही मंडळी घरी येणार आणि बायकोसमोर ‘गेम’ म्हणणार. चार महिन्यांचं ऑफिसचं काम एका शब्दात बाराच्या भावात जाणार!

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली आणि साडेबाराला दबक्या पावलांनी घरी आलो. स्वतःच्याच घराचं कुलूप चोरासारखं उघडलं. हॉलमध्ये माझ्या खुर्चीवर सासूबाई! ऑपरेशनचा पाय स्टुलावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हेडफोन काढून बाजूला ठेवलेले. माऊसवर बोटं अशी चालली होती की मला माझीच लाज वाटली. खट, खट, खट! इंजिनाची लांबलचक शिट्टी झाली आणि कॉम्प्युटरमधून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला.

मग त्यांनी शांतपणे ‘पुन्हा मांडा’चं बटण दाबलं आणि डबे माझ्या कालच्या गोंधळात जसेच्या तसे परत नेऊन ठेवले.

“आई!”

“अगंबाई! जावईबापू? आज लवकर?”

“तुम्ही... माझ्या ऑफिसच्या कामाला...” आता माघार घ्यायची सोय नव्हती.

“हात लावला हो जरा. महिनाभर तुमचं अडलेलं बघत होते. पण तुमची मांडणी जशीच्या तशी ठेवते बरं का! दुसऱ्याच्या पाळीतला तक्ता आपण पुसायचा नाही.”

तेव्हा मला आठवलं. सासूबाई एकतीस वर्षं बस डेपोत होत्या, गाड्या उभ्या करायच्या विभागात. संध्याकाळी दीडशे बसगाड्या आत येणार, आणि सकाळी पहिली सुटणारी बस कुणाच्या मागे अडकता कामा नये. हे सगळं त्या हातात खडू घेऊन करायच्या.

“आई, हे करता कसं?”

“त्यात काय? तुम्ही सगळे रूळ भरून टाकता. एक रूळ आधी रिकामा ठेवायचा. मोकळी जागा असली की वाट्टेल तो गुंता सुटतो.” हे बोलताना त्यांची नजर मागच्या खोलीच्या दाराकडे गेल्यासारखं मला वाटलं. मी खाली बघितलं.

शनिवारी दिवसभर त्यांनी मला शिकवलं. बायको कौतुकाने बघत होती. “आईसुद्धा मदत करतेय तुझ्या ऑफिसला!” रात्रीच्या जेवणापर्यंत माझा विक्रम अठ्ठावन्न चालींचा होता, आणि तोही लेव्हल न सुटता.

रविवारी बरोबर दहाला साहेब आणि शंकासुर हजर! मी दारातच साहेबांच्या कानाला लागलो, “गेम हा शब्द नको, साहेब. घरी आजारी माणूस आहे.” साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. का हलवली, देव जाणे!

बायको चहा घेऊन आली आणि साहेबांना म्हणाली, “रागावू नका, पण किती राबवता हो तुम्ही याला! चार महिने रोज सात ते नऊ! बिचाऱ्याला घरात एक खोली आवरायला वेळ नाही. माझी आई सोफ्यावर झोपते.”

साहेबांचा कप ओठांशीच थांबला. “आम्ही राबवतो? आमच्याकडे तर साडेपाचला शिपाई दिवे घालवतो.”

“साहेब, सुरू करू या का?” मी ओरडलोच.

मी बसलो. एक रूळ रिकामा ठेवला. दहा चाली झकास! बाराव्या चालीला तो रिकामा रूळ मीच भरून टाकला. अठराव्याला इंजिन दोन डब्यांच्या मध्ये सापडलं.

“मला नव्हतंच वाटत,” शंकासुर म्हणाला.

“निळा डबा मागे घ्या,” सोफ्यावरून आवाज आला. “अहो, तो नाही, निळा! सरका बघू, जावईबापू!”

आणि सासूबाई काठी टेकत आल्या, खुर्चीत बसल्या, डबे पुन्हा मांडले आणि पहिल्यापासून सुरू झाल्या. साहेब मोठ्याने मोजत होते. “बावीस... तेवीस... चोवीस... पंचवीस!” हेडफोन लावायचं माझ्या लक्षातच आलं नाही. शिट्टी! टाळ्यांचा कडकडाट! साहेबही टाळ्या वाजवायला लागले, शंकासुरसुद्धा!

फक्त बायको वाजवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

“काम झालं की टाळ्या वाजतात?”

“ती... नवीन पद्धत आहे. कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन म्हणून.”

“आमच्या ऑफिसात?” साहेब खो खो हसत सुटले. “तीस वर्षांत माझ्यासाठी कुणी खुर्चीसुद्धा पुढे सरकवली नाही!”

संपलं! मी सासूबाईंकडे वळलो. निदान त्यांनी तरी सावरून घ्यावं!

“मी तर पहिल्याच दिवशी ओळखलं,” त्या चष्मा पुसत म्हणाल्या. “एकतीस वर्षं नोकरी केली. काम संपलं की दुसरं काम यायचं. टाळ्या कसल्या? म्हटलं, हा खेळच असणार.”

“आणि तू मला बोलली नाहीस?” बायको किंचाळली. “अडीच महिने सोफ्यावर झोपलीस! कशासाठी?”

सासूबाई पहिल्यांदाच जरा चाचरल्या. लहान मुलासारख्या पदराशी चाळा करायला लागल्या.

“कसं आहे, बोलले असते तर यांनी मागची खोली रिकामी केली असती. मग मला तिकडे जावं लागलं असतं. आणि कॉम्प्युटर तर इथे, हॉलमध्ये.”

म्हणजे अडीच महिने मी मनाला लावून घेत होतो, आणि त्या तिकडे निवांत चाली मोजत होत्या! मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग बायकोचा चेहरा दिसला. मी मुकाट्याने उठलो आणि मागच्या खोलीचं दार उघडलं.

एक कोपरा आधी रिकामा केला. मग पंखा, मग सायकली, मग खोकी. संध्याकाळी सहाला खोली लख्ख! शिट्टी झाली नाही, टाळ्याही नाहीत. शंकासुर मदतीला थांबला होता, तो एवढंच म्हणाला, “मला वाटलं नव्हतं.”

आता सगळं सुरळीत आहे. सासूबाई मागच्या खोलीत, स्वतःच्या पलंगावर. आणि बायकोच्या हुकमावरून कॉम्प्युटरही तिथेच. माझा एक ताऱ्याचा अभिप्राय परवा बघितला तर तिथे पाच तारे! खाली लिहिलं होतं, ‘खेळ उत्तम आहे. लेव्हल सुटते. जावई माणूस चांगला, पण एकाग्रता कमी.’ त्याला अडतीस जणांनी उपयुक्त म्हटलंय. त्या ‘का?’वाल्यानेसुद्धा!

काल सातला मी दारावर हळूच टकटक केली. “आई, झालं का? एक अर्धा तास मला मिळेल का?”

आतून आधी इंजिनाची शिट्टी ऐकू आली, मग टाळ्या, मग सासूबाई.

“थांबा हो जरा, ऑफिसचं काम चाललंय!”