चेंजओव्हर आणि एक बादली पाणी

रुपरावांनी शाळेची जुनी बस विकत घेतली तेव्हा शामलाबाई तीन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी बोलल्या, आणि त्यापेक्षा ते तीन दिवसच बरे होते, असं प्रताप नगरातल्या त्या घराला वाटून गेलं.

"पस्तीस वर्षं पाटबंधाऱ्यात बसून नकाशे काढले, आता काय पोट्टे पोचवून देता का शाळेत?"

"स्कूलबस नाई ठेवाची वं. मोटरहोम करतो. चालतं-फिरतं घर."

"एक घर उभं आहे तं त्याचंच झाडणं होऊन नाई राहिलं, अन् यांना चालतं पाहिजे!"

पण बस वाडीला अंकुशच्या गॅरेजमध्ये गेली आणि सहा महिन्यांनी खरोखरच घर होऊन परत आली. दोन बाकं, हातभर ओटा, भांडी धुवायला चिमुकलं बेसिन, आणि मागच्या खिडकीला कूलर. एसी सुचवणाऱ्या अंकुशला रुपरावांनी एका वाक्यात गप्प केलं होतं, "खसच्या वासाशिवाय नागपूरच्या माणसाले झोप येते काय गा?" मागच्या पेटीत जनरेटर होता. आणि या सगळ्याचा कळस म्हणजे ऑटोमॅटिक चेंजओव्हर! घरची वायर जोडली की गाडी घरच्या लाईटवर. लाईट गेली की दहा सेकंदांत जनरेटर आपला आपण सुरू होणार आणि भिंतीवरच्या डब्यातला स्विच 'खट्' करून गाडी त्याच्यावर घेणार. माणसाने बोटही लावायचं नाही. त्याचा नकाशा रुपरावांनी तीन रंगांत काढला होता आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला होता. शर्ट बदलला तरी खिशातला नकाशा तोच.

वैभवीला, म्हणजे त्यांच्या सुनेला, त्या तीन रंगांतलं काही कळत नव्हतं. गाडी चिखलदऱ्याला जाणार, एवढं मात्र नीट कळत होतं. नूपुर झाल्यापासून दहा महिन्यांत ती नागपूरच्या बाहेर पडली नव्हती. त्यात मे महिना, पंचेचाळीस डिग्री, आणि बाळ असं की कूलरच्या घरघरीशिवाय झोपत नाही. लाईट गेली, कूलर थांबला, की नूपुर डोळे उघडायची, आणि मग सगळी गल्ली डोळे उघडायची. डोंगरावरची गार हवा वैभवीला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या लागायला लागली होती. तिने कपाटातून नूपुरचं स्वेटरसुद्धा काढून ठेवलं होतं. तिच्या नवऱ्याची, मोहितची, रजा मंजूर होती. तो आईबाबांच्या वादात दोघांकडे बघून सारखीच मान हलवायचा आणि बँकेत निघून जायचा.

शामलाबाईंनी अट घातली.

"रविवारी दुपारी परीक्षा. गाडी घरापुढंच उभी राहीन. पोरगी आत झोपीन. मेन स्विच मी माह्या हातानं पाडीन. तुमच्या डब्यानं जनरेटर लावला, तं सोमवारी चिखलदरा. नाई लावला, तं गाडी भंगारात. मंजूर?"

"मंजूर," रुपराव म्हणाले, आणि त्यांचा हात खिशातल्या नकाशावर गेला.

रविवारी सकाळी त्यांनी गाडीची वायर कंपाउंडवरून पोर्चमध्ये आणली, चपलांच्या रॅकमागच्या पॉइंटला लावली आणि आंघोळीला गेले. दोन वाजता नूपुर गाडीतल्या बाकावर कूलरसमोर गाढ झोपली. अंकुश वाडीहून हत्यारांची पेटी घेऊन हजर झाला. शेजारचे गणपतराव डोक्यावर ओला दुपट्टा आणि हातात स्वतःची खुर्ची घेऊन आले.

"परीक्षा आहे म्हणते," ते खुर्ची मांडत म्हणाले.

"पाडली!" घरातून शामलाबाई ओरडल्या.

सगळे मोजू लागले. पाच सेकंद. दहा. पंधरा. कूलर घरघरत होता, नूपुर झोपलेली होती, आणि जनरेटर मागच्या पेटीत पाहुण्यासारखा गप्प बसला होता. डब्यावरचा हिरवा दिवा सांगत होता, लाईट आहे.

"लाईट गेली नाई अजून. तू खटका बरोबर पाडला काय वं?"

"एकच तं मोठा खटका आहे घरात!" शामलाबाई बाहेर आल्या. "या, पाहून घ्या."

रुपरावांनी पाहिलं. मेन पडलेलाच होता. अंकुशने डबा उघडला, चार स्क्रू आवळले, डबा लावला. मेन वर केला, पुन्हा पाडला. पुन्हा हिरवा दिवा.

"काकाजी, लाईट नाई, अन् हा म्हणते, 'आहे'. पॅनेल पागल झालं."

"वाडीले तं चार वेळा चाललं!"

"वाडीले एकदम बढिया चाललं. इथंच काहून नखरे करून राहिलं, समजून नाई राहिलं."

"मी सांगू?" गणपतरावांनी खुर्ची पुढे घेतली. "उन्हानं तुमचं अर्थिंग सुकलं. खड्ड्यात एक बादली पाणी टाका."

"अर्थिंगचा याच्याशी काय संबंध, गणपतराव?"

"माह्या टीव्हीवर मुंग्या येत होत्या. पाणी टाकलं, गेल्या."

टीव्हीवरच्या मुंग्या बाजूला ठेवून तिसऱ्या वेळी अंकुशने फ्यूज बदलला. त्यात त्याचा अंगठा चिमटला, आणि दिवा हिरवाच राहिला. तास होत आला होता. रुपरावांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. वैभवीला मात्र एक गोष्ट चमत्कारिक वाटली. सासूबाई जिंकत होत्या, आणि त्यांचंच तोंड उतरलं होतं.

"तीन झाले," शामलाबाई म्हणाल्या. मग हळूच, "पण... चौथा एक चान्स घ्या बाप्पा. मेन पडलेलाच आहे, राहू द्या."

एवढ्यात नूपुर ओली झाली. तिला मोहितच्या नजरेखाली ठेवून वैभवी लंगोट आणायला घरात पळाली. हॉलमध्ये पाऊल टाकलं तर कोपऱ्यातला इन्व्हर्टर 'टीं, टीं' करत होता. बॅटरी संपत आल्याची ती हाक. दोन पंख्यांवर एरवी तीन तास आरामात चालणारा इन्व्हर्टर तासाभरातच रडकुंडीला आला होता. त्याची बॅटरी कोण खाऊन राहिलं होतं?

तिने पाहिलं. गाडीची वायर पोर्चमधून खिडकीतून हॉलमध्ये आली होती, आणि तिचा प्लग टीव्हीशेजारच्या पॉइंटमध्ये होता. तो पॉइंट इन्व्हर्टरचा.

तीन रंगांचा नकाशा न पाहताच वैभवीच्या डोक्यात उजेड पडला. मेन पाडला की पापणी लवायच्या आत इन्व्हर्टर लाईट देत होता. गाडीपर्यंत लाईट पोचतच होती. तो बिचारा डबा तासभर खरं सांगत होता, आणि खरं बोलल्याबद्दल भंगारात चालला होता.

"बाबा!" म्हणून तिने तोंड उघडलं, आणि खिडकीतून बाहेर पाहून मिटलं. गणपतराव कूलरच्या पाण्याची बादली घेऊन अर्थिंगच्या खड्ड्यावर वाकले होते. प्लग कुठे आहे हेच कुणी पाहिलं नाही, हे त्यांच्यासमोर सांगायचं? दिवाळीपर्यंत पुरवून पुरवून सांगितलं असतं त्यांनी. वैभवीने गुपचूप प्लग उपसला.

बाहेर बादली रिकामी झाली. कूलर थांबला. नूपुरने एक डोळा उघडला, खालचा ओठ थरथरला, गल्लीवर संकट आलं... आणि मागच्या पेटीत जनरेटर धडधडला. 'खट्!' कूलर घरघरला. तो डोळा मिटला.

"म्हटलं होतं ना, अर्थिंग!" गणपतराव बादलीसकट उभे राहिले.

"स्क्रू तं म्याच आवळला होता," अंकुश अंगठा चोखत म्हणाला.

रुपराव पोर्चमध्ये चपलांच्या रॅकपाशी जाऊन वाकले, रिकामा पॉइंट आणि खिडकीतून आत गेलेली वायर पाहिली आणि घाम पुसत परत आले.

"ठीक आहे," शामलाबाई पदराने तोंड टिपत म्हणाल्या. "सोमवारी निघू. मी काही शब्द फिरवणारी नाई."

संध्याकाळी कैरी चिरताना वैभवीने विचारलंच, "आई, प्लग हॉलमध्ये कोणी आणला?"

विळीवरचा हात थांबला. "मीच. सहा महिने जेवण सोडून त्या डब्यापाशी बसले ते. म्हटलं, ऐन वेळी फसले तं? इन्व्हर्टरच्या पॉइंटले लावून देते, म्हणजे मी मेन पाडला तरी गाडी काही बंद पडाची नाई. कूलर चालू राहिला की डब्यानंच चालवला असं वाटीन साऱ्याईले, पास होऊन जातीन बिचारे. मले काय माहीत, गाडी बंद पडल्याबिगर तो डबा जागतच नाई म्हणून!"

"पण तुम्ही तर गाडीच्या विरोधात होतात!"

"मंग! पहिल्याच दिवशी हाव म्हटलं असतं, तं आणखी एक बस आणली असती त्याईनं." कैरीची एक फोड त्यांनी सुनेच्या हातावर ठेवली. "सांगू नको वं त्याईले."

सोमवारी भर दुपारी गाडी परतवाड्याच्या अलीकडे एका कडुलिंबाखाली जेवायला थांबली. उतरताच रुपरावांनी एक सळई जमिनीत ठोकली. "अर्थिंग," ते गंभीरपणे म्हणाले. अर्थिंग झाल्याशिवाय जनरेटर लावायचा नव्हता; तोवर आत भट्टी झाली होती, नूपुर कुरकुरायला लागली.

"बाबा, वारा घालायला काही आहे का हो?"

"हे घे बेटा," म्हणून आत चढत त्यांनी खिशातला नकाशा दिला.

वैभवीने घडी उलगडली. लाल, हिरव्या, निळ्या रेघा जागच्या जागी होत्या. फक्त एक रेघ नवी होती, शिसपेन्सिलीची, तुटक. हॉलच्या इन्व्हर्टरच्या पॉइंटपासून निघून ती गाडीपर्यंत गेली होती. खाली रविवारची तारीख, आणि रेघेशेजारी नकाशाच्या सुबक बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सौ.'

तिने चमकून वर पाहिलं. रुपरावांनी ओठांवर बोट ठेवलं. मग ते खिडकीतून बाहेर वाकले.

"शामला, बादली आण वं! इथची जमीन बहुत सुकी दिसून राहिली."

शामलाबाईंनी हँडपंपावरून काठोकाठ भरलेली बादली दोन्ही हातांनी, जराही न हसता, आणून दिली.