घड्याळजींचे तीन क्लाउड

रविवार, १२ जानेवारी २०२५, सकाळचे आठ. समोरच्या घरातून आरोळी आली नाही.

बोरी अरबच्या आमच्या गल्लीत दिवाळीपासून रोज या सुमारास “आली रे आली!” अशी हाक उठत असे. नवखा माणूस दचकून रस्त्याच्या कडेला होई. येत मात्र कोणीच नसे. नारायणराव ढोबळे यांच्या लॅपटॉपवर एक फोटो उतरलेला असे, एवढेच.

नारायणराव हे शंकरपटातले, म्हणजे बैलांच्या शर्यतीतले, घड्याळजी. बैलजोडीने रेषा ओलांडताच घड्याळ थांबवणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. जोडीवाले भांडत आले की ते घड्याळ पुढे करीत आणि म्हणत, “हे बोलते. मी नाही बोलत.” नजर अधू झाल्यावर त्यांनी मैदान सोडले, घड्याळ सोडले नाही. घरात ते कुकरलाही वेळ लावू लागले. शेवटी सून म्हणाली, “मामाजी, वरण शिजून राह्यलं, धावून नाही राह्यलं!”

दिवाळीच्या आधी ते माझ्याकडे आले. मी सरकारी खात्यातून निवृत्त झालेला माणूस; संगणक कामापुरता येतो. एका यंत्रात ठेवलेली फाइल दुसऱ्या यंत्रात आपोआप उतरवून देणाऱ्या क्लाउड सेवांपैकी कोणती चांगली, असा त्यांचा प्रश्न होता. मी एक नाव सांगितले.

“तुम्ही तिले पळताना पाह्यलं काय?”

“नाही.”

“मंग कायच्या भरवशावर सांगता, साहेब? पट भरवा लागते.”

पट भरला. तीन सेवा निवडल्या गेल्या. त्यांची इंग्रजी नावे नारायणरावांना मान्य नव्हती. त्यांनी सर्ज्या, हरण्या आणि लाल्या अशी नावे दिली. ते आपल्या ओट्यावर मोबाइल घेऊन उभे राहत. मी माझ्या ओट्यावर त्यांचा लॅपटॉप घेऊन बसे. ते झेंडी म्हणून उपरणे खाली टाकीत, फाइल सोडीत आणि घड्याळ दाबीत. ती माझ्याकडे पोचताच मी हात वर करायचा. माझ्या वयाच्या माणसाने हे का केले, याचे उत्तर मी घरीही दिलेले नाही.

सर्ज्या विजेसारखा धावे. पण चार मोठ्या फाइली झाल्या की जागा भरली, पैसे भरा म्हणून अडे. “हा पेंडीशिवाय पाय नाही उचलत,” नारायणराव म्हणाले. हरण्याही चपळ होता. मात्र मध्येच नेट गेले की तो फाइल पुन्हा पहिल्यापासून आणू लागे. “हा वापस झेंडीपाशी जाते लेकाचा!” लाल्या तिघांत मंद. नेट गेले की जागच्या जागी थांबे आणि परत आले की तिथूनच पुढे निघे.

निकाल लाल्याच्या बाजूने लागला. मी विरोध नोंदवला. घड्याळजीने सर्वांत मंद जोडी जिंकवावी, हे मला पटेना.

“मुकुटबनले लाइन किती डाव जाते, मालूम हाये काय तुम्हाले?” ते म्हणाले.

तेव्हा मला किसनचे कळले. किसन हा त्यांचा धाकटा भाऊ, मुकुटबनला राहणारा, एके काळचा नावाजलेला धुरकरी. छकड्यावर बसून जोडी हाकणारा. अर्धांगवायूने त्याची वाचा आणि उजवी बाजू गेली होती. डावा अंगठा तेवढा चालत होता. नारायणरावांना गुडघ्यांमुळे इतका लांबचा प्रवास झेपत नव्हता. फोनवर एकटेच किती बोलणार? म्हणून किसनच्या मुलीने, वंदनाने, खाटेला टॅबलेट बांधून दिला. किसनने सकाळी अंगठ्याने फोटो काढायचा. तो कोणीही न पाठवता बोरीला उतरायचा. फोटो आला म्हणजे भाऊ जागा झाला आणि त्याला बोलायचे आहे. हे आणणारा लाल्या.

त्या रविवारी फोटो आला नाही.

मी गेलो तेव्हा नारायणराव लॅपटॉपसमोर बसले होते. हातात घड्याळ होते, ते चालू नव्हते. मीच त्यांच्या मोबाइलवरून मुकुटबनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. वंदनाने उचलला.

“मोठेबाबा, तुम्ही बाबाचे फोटो काहून पुसले?”

“कोणी पुसले?” नारायणराव म्हणाले.

“काल संध्याकाळी बाबाच्या डोळ्यांदेखत एकेक करून गेले. तवापासून भिंतीकडे तोंड करून हायेत. चहाबी नाही घेतला.”

नारायणराव माझ्याकडे पाहू लागले. शनिवारी त्यांनी साफसफाई केली होती. हललेले, तिरपे, अर्धवट फोटो बाद ठरवून काढून टाकले होते. स्वच्छ तेवढे ठेवले होते.

“मी माह्या आंगणातला कचरा झाडला, साहेब. त्याचं आंगण कसं झाडल्या जाईन?”

“आंगण एकच आहे,” मी म्हणालो. “दारे दोन आहेत. इकडे पुसले की लाल्या तिकडेही पुसतो.”

त्यांनी हळू विचारले, “म्हंजे त्याले वाटलं, मी त्याले बाद केलं?”

पुसलेल्या फाइली काही दिवस सेवेच्या कचरापेटीत राहतात, ती मी उघडली. सगळे एकदम परत आणता आले असते. नारायणरावांनी ते होऊ दिले नाही. प्रत्येक फोटो उघडून, पाहून, मगच मागे पाठवायचा, असा त्यांचा आग्रह. तिकडे वंदना फोन धरून होती.

“आला, मोठेबाबा. अजून एक आला. बाबा वळले इकडे.”

पंख्याचे पाते. खाटेचा पाय. दाराची चौकट. आणि जवळजवळ प्रत्येकात, कुठेतरी कडेला, निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीचा एखादा तुकडा. ती खाटेला लागून ठेवलेली होती आणि रिकामी होती. नारायणरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

“ही खुर्ची कोणाची व, वंदना?”

“तुमचीच नं. मागच्या डाव तुम्ही बसले होते. बाबा कोणाले हालवू देत नाहीत. तिचाच फोटो काढतात, पण हात हालते.”

सुनेने कुकरचा गॅस बंद केला.

दुपारी नवा फोटो उतरला. खुर्ची होती, चारही पायांसकट. नारायणरावांनी तो मला दाखवला नाही; मला बसल्या जागेवरून दिसला. त्यांनी मुलाला हाक मारून मंगळवारी मुकुटबनला जाण्यासाठी गाडी सांगायला लावली. गुडघ्यांचे काय, असे मी विचारले. “गुडघे येतीनच संग,” ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे पेचकस मागितला. मी घरून आणून दिला. लॅपटॉपची फाइल पुसण्याची कळ त्यांनी उचकटून काढली. ती नसतानाही फाइल पुसता येते, हे मी सांगितले नाही. राहिलेल्या खाचेत त्यांनी कापसाचा बोळा ठासून भरला आणि पेचकस परत केला.