वाचून वाढलेला घेवडा

पुस्तक उघडा म्हटलं की दुसरीच्या वर्गातली चौतीस मुलं एका दमात पेंगायला लागत. 'मुलांचा हुरूप कसा टिकवावा' या विषयाचं प्रशिक्षण बाईंनी तीनदा घेतलं होतं आणि तिन्ही वेळा त्यांना स्वतःलाच डुलकी लागली होती. तरी त्यांनी प्रयत्न सोडले नाहीत. वहीत चिकटवायला चांदण्या आणल्या, तर पोरांनी त्या एकमेकांच्या कपाळाला लावल्या. मोज्यांच्या बाहुल्या केल्या, तर मुलं बाहुल्यांशी गप्पा मारत बसली आणि धडा राहिला बाजूला. खिडकीजवळच्या एका मुलीनं तर शाळा सुरू झाल्यापासून एक अक्षर मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. सगळे तिला चिमणी म्हणत, पण तिच्या चिवचिवाटाचा पत्ता नव्हता. बाईंना तिचीच काळजी जास्त होती.

शेवटी एका सोमवारी बाईंनी टेबलावर मातीची कुंडी ठेवली. तिच्यात घेवड्याचं वीतभर रोप होतं.

"याला धडे वाचून दाखवले की हा भराभर वाढतो," बाई म्हणाल्या.

"शप्पथ?" पहिल्या बाकावरच्या चष्मिषनं विचारलं.

"वाचून बघ."

आणि काय सांगावं! वाचायच्या नंबरावरून मारामाऱ्या व्हायला लागल्या. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई डबा विसरला म्हणून परत आल्या आणि दारातच थबकल्या. रिकाम्या वर्गात चिमणी कुंडीला तोंड लावून, अक्षरांखालून बोट फिरवत, हळू आवाजात वाचत होती. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. डबा न घेताच त्या पाय न वाजवता माघारी गेल्या.

घेवडा मात्र बेइमान निघाला. त्यात त्याचाही फार दोष नव्हता. धडा ऐकून त्याला तहान लागत असणार म्हणून प्रत्येक जण त्याला पाणी पाजी, आणि एका दयाळू मुलानं तर उरलेलं दूधही पाजलं. दुसऱ्या शुक्रवारी घेवड्यानं मान टाकली. आता हा मेला, तर आपला आवाज ऐकूनच मेला असं चिमणीला वाटणार, या विचारानं बाईंनी पुढ्यातला डबा तसाच बंद केला.

बाईंचे धाकटे दीर रोपवाटिका चालवत. बाई तडक तिथे गेल्या.

"भाऊजी, अस्साच एक घेवडा द्या. जरा वाढलेला. आणि कुणाला बोलू नका."

"वहिनी, तुम्ही मुलांना शिकवता का फसवता?"

"सध्या दोन्ही."

मान टाकलेली पहिली कुंडी बाईंनी घरी नेऊन ठेवली. मग दर शनिवारी शाळा सुटली की कुंडी बदलायचा नेम झाला. भाऊजींनाही चेव चढला. "या खेपेला घसघशीत दिलाय बघा," म्हणत ते दर वेळी आणखी मोठा घेवडा देत. महिन्याभरात घेवडा काठीवर चढून फळ्याला टेकला. इकडे मुलंही जोडाक्षरांवर चढली होती. मुख्याध्यापक एरवी कशालाच दचकत नसत, पण घेवडा पाहून तेही दचकले.

"बाई, हा शोध आहे, शोध! मी वर कळवतो."

"नको हो सर, एवढ्याशा गोष्टीसाठी!" बाई कळवळून म्हणाल्या. तो त्यांचा विनय आहे असं समजून सरांनी त्याच दिवशी पत्र धाडलं. उत्तर आलं, शिक्षणाधिकारी साहेब सोमवारी अकरा वाजता येत आहेत.

बाईंनी शनिवारी जुनी कुंडी घरी नेली आणि भाऊजींना बजावलं, "सोमवारी सकाळी सगळ्यात देखणा घेवडा पाहिजे." सोमवारी भाऊजी आले ते अकराला पाच कमी असताना. त्यांच्या स्कूटरवर वर्तमानपत्रात आपादमस्तक गुंडाळलेली कुंडी होती.

"वहिनी, गोगलगायींनी सगळा घेवडा फस्त केला हो. पण उंची बरोब्बर तीच आहे. लांबून कोणाला कळतंय?"

"काय कळतंय?"

तेवढ्यात साहेबांची गाडी फाटकातून आत वळली आणि भाऊजींची स्कूटर बाहेर. बाई कुंडी उचलून धावत सुटल्या. त्यांनी ती टेबलावर टेकवली, तोच मुख्याध्यापक साहेबांना घेऊन वर्गात शिरले. तो कागद पाहून सर हरखलेच.

"वा बाई, अनावरणाची तयारी! साहेब, आपल्याच हस्ते होऊ द्या."

साहेबांनी कागद ओढला. आत दोन लालबुंद टोमॅटो लटकत होते आणि तिसरा वाटेवर होता.

"पत्रात घेवडा लिहिलं होतं ना?" साहेब म्हणाले.

सरांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी जमिनीकडे. धरणीनं पोटात घेतलं तर बरं असं त्यांना वाटत होतं, पण फरशी नुकतीच बसवलेली आणि चांगली पक्की होती. मग खिडकीजवळचं बाक करकरलं. चिमणी उभी राहिली होती.

"साहेब, मागच्या आठवड्यात आम्ही त्याला भाजीबाजाराचा धडा वाचून दाखवला."

"बरं, मग?"

"त्यातलं टोमॅटोचं पान मी तीनदा वाचलं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मला वाचून दाखवतेस?"

चिमणीनं वाचलं. 'स्वच्छ'पाशी अडखळली, मागे गेली आणि दणक्यात पुढे सरकली. साहेबांनी शेरेवहीत चार ओळी कौतुकाच्या लिहिल्या आणि जाताना बाईंच्या कानाशी वाकून म्हणाले, "कलिंगडाचा धडा एवढ्यात घेऊ नका. टेबल मोडेल."

सर साहेबांना पोचवायला गेले आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या खुर्चीत मटकन बसल्या आणि हसू की रडू अशा आवाजात म्हणाल्या, "मुलांनो, मी खोटं बोलले. कुंड्या मीच बदलत होते."

"माहितीये," चष्मिष म्हणाला. "पहिल्या कुंडीला टवका होता, दुसरीला नव्हता."

"मग बोलला का नाहीत रे?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. अवघड बातमी चिमणीनंच सांगितली. "रोप वाढलं की तुम्ही किती खूश व्हायचात, बाई. आम्ही ठरवलं, तुमचा हुरूप मोडायचा नाही."

तिन्ही प्रशिक्षणांत बाईंना हे कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून टवक्याची कुंडी परत आणली. महिनाभर कुणी दूध न पाजल्यामुळे पहिल्या घेवड्याला दोन कोवळी पानं फुटली होती. चष्मिष पुस्तक आणि पाण्याची बाटली घेऊन लगबगीनं पुढे आला.

"नुसतं वाचायचं!" चिमणी शेजारच्या वर्गापर्यंत जाईल अशा आवाजात कडाडली. "थेंबभर तरी पाणी घातलंस तर बघ!"

आणि त्या वर्षात पहिल्यांदाच बाईंना तिला सांगावं लागलं, "अगं, जरा हळू बोल."