अर्ध्यावर सोपवलेली गाडी

मुलाखतीला निघण्याआधी आईने कानसेनचे खिसे तपासले, तेव्हा त्यातून एक पाना, मूठभर नट आणि एक वापरलेला स्पार्क प्लग निघाला.

"मुलाखतीला चाललीयेस की गाडी खोलायला?"

"प्लग चुकून राहिला गं."

"लोकांच्या खिशात चुकून रुमाल राहतो."

आईने तो सगळा ऐवज फ्रिजवर पार मागे, कानसेनचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवला आणि लेकीच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाची कॉलर सरळ केली. पांढरा शर्ट हा आईचा डाव होता. अंगावर पांढरं असलं की पोरगी कुणाच्या गाडीत डोकं घालण्याआधी निदान एकदा विचार करेल. मावसबहिणीच्या लग्नात सगळ्या फोटोंमध्ये हिची जागा रिकामी, कारण ही नवरदेवाच्या गाडीखाली. ती गाडी आजही सुतासारखी सरळ पळते आणि नवरदेव हिचं नाव काढतो, पण आई अल्बम उघडला की उसासा टाकते.

कानसेन हे नाव बाबांनी ठेवलेलं. गाणाऱ्यांना गळा लागतो, तसा ऐकणाऱ्याला कान लागतो, आणि हिचा कान इंजिनाला लागलेला. घरात बसून रस्त्यावरच्या गाडीकडे न बघता ही सांगायची, "पट्टा सैल झालाय याचा." लोक पुढच्या चौकात जाऊन तपासायचे, तर पट्टा खरंच सैल.

डिप्लोमा झाल्या झाल्या ती उस्तादांच्या गॅरेजात कामाला लागली होती. उस्तादांच्या हाताला जादू होती. डोळे मिटून बोल्ट लावायचे आणि तो कधी आडवा बसायचा नाही. पण कानसेनने "असं का होतं उस्ताद?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "होतं." तिला हातही हवा होता आणि 'का'सुद्धा. म्हणून तिने नोकरदारांच्या संध्याकाळच्या पदवी वर्गाला अर्ज केला. त्या वर्गाची एकच विचित्र अट होती. उमेदवार जिथे काम करतो तिथल्या मालकाने स्वतः येऊन सांगायचं, की याला रोज पाच वाजता सोडीन. मालक नाही म्हणाला की जागा गेली.

घोडं तिथेच अडलं होतं.

"पाचला सुटायला गॅरेज म्हणजे काय शाळा आहे?" उस्ताद म्हणाले होते. "गाडी अर्धी उघडी टाकून जाणारा माणूस मला चालत नाही. डॉक्टर पोट उघडून जेवायला जातो का?"

"म्हणजे तुम्ही कॉलेजात येणार नाही?"

"येणार नाही कसा? येणार आणि त्यांच्या तोंडावर नाही म्हणणार. घरबसल्या नाही म्हणणं ही काय रीत झाली?"

तर असे हे दोघे दुपारी कॉलेजच्या फाटकातून आत शिरले, एकजण जागा मिळवायला आणि दुसरे ती घालवायला. उस्तादांनी टोपी नीट केली, कानसेनने शर्टाच्या बाह्या जपल्या, आणि नेमकी तेव्हाच आवारातली एक जुनी निळी गाडी खोकली.

गाडी ग्रंथालयातल्या बाईंची होती. चालू व्हायची, थरथरायची, आचके द्यायची आणि बंद पडायची. अंगावरचा पांढरा शर्ट आठवून कानसेनने मान खाली घातली आणि ती झपझप चालायला लागली. चार पावलांनी लक्षात आलं, की शेजारी उस्ताद नाहीत.

ते गाडीजवळ उभे होते. "तीन सिलिंडरवर चालतीये," ते पुटपुटले.

"चारही चालू आहेत उस्ताद," कानसेनच्या तोंडून निघून गेलं. "हवा ओढतीये कुठून तरी. खाली बारीक शीळ वाजतीये, ऐका."

"बाई, बॉनेट उघडा."

"अहो, मला फक्त लेकीला शाळेतून आणायचंय," बाई म्हणाल्या.

"पाच मिनिटं."

इंजिनवेड्यांची पाच मिनिटं घड्याळात मावत नाहीत हे बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. बिचाऱ्यांनी बॉनेट उघडलं.

गूळ उघडा पडला की मुंग्यांना आमंत्रण लागत नाही. मुलाखतीला येणारा प्रत्येक उमेदवार त्याच आवारातून जाणार होता, आणि त्यांच्यात उघड्या बॉनेटवरून सरळ चालत जाणारा एकही नव्हता. आधी बस डेपोतला मिशीवाला आला. "पेट्रोल पोचत नसणार. पैज लावतो." मग टायरच्या दुकानात काम करणारी एक उंच मुलगी आली. तिने पिशवीतून स्वतःचा प्लगपाना काढला. कानसेनला तिचा हेवा वाटला. हिची आई खिसे तपासत नसावी.

"प्लग बघून घेऊ की एकदा," ती म्हणाली.

"शीळ प्लगची नाही गं," कानसेन म्हणाली.

"बघायला काय जातंय?"

बघायला बाईंची दुपार जात होती. प्लग निघाले, मग हवेची गाळणी निघाली, मग गाळणीचं झाकण. सुटे भाग ठेवायला कुणीतरी मागच्या सीटवरचं मासिक पसरलं.

"ते ग्रंथालयाचं आहे," बाई म्हणाल्या. "डाग पडला तर मलाच माझ्याकडून दंड घ्यावा लागेल."

"डाग नाही पडणार बाई. वंगण फक्त जाहिरातीवर आहे," डेपोवाल्याने धीर दिला.

बाईंनी सुस्कारा टाकला आणि शेजारणीला फोन करून लेकीला शाळेतून घेऊन जायला सांगितलं.

वरच्या सज्ज्यात शिपाईमामा आले. "पहिला उमेदवार या." कुणी हललं नाही. थोड्या वेळाने, "दुसरा उमेदवार." मग, "अहो, कुणीही या." शेवटी ते जिना उतरून आले आणि घोळक्याच्या मागून ओरडले, "उमेदवार कुठायत? सर विचारतायत."

"आलोच," घोळक्यातून एका सुरात उत्तर आलं, आणि कुणाचीही मान वर झाली नाही.

"सर म्हणतायत, कुणालाच गरज नसेल तर यंदा वर्ग भरवतच नाही. आत्ता वर कुणी आलं तर आलं."

हे वाक्य फक्त कानसेनच्या कानात शिरलं. कान तिचा होता ना. तिच्या एका हातात स्क्रू ड्रायव्हर होता, शर्टाची बाही कोपरापर्यंत काळी झाली होती, आणि मघाची शीळ कुठल्या बाजूने येत होती याचा तिला नुकताच अंदाज यायला लागला होता. जरा थांबलं असतं तर सापडलंच असतं. अर्ध्यावर ठेवलेलं जेवण तिला आठवत होतं, अर्ध्यावर ठेवलेली झोप तर रोजचीच, पण अर्ध्यावर ठेवलेली गाडी तिच्या उभ्या आयुष्यात नव्हती.

"उस्ताद, मला वर जायला हवं," ती म्हणाली.

"मग जा ना," उस्ताद इंजिनातूनच बोलले. "उजेड कशाला अडवतेस?"

"पण गाडी अर्धी उघडी आहे."

"मी मेलोय का? आण तो स्क्रू ड्रायव्हर इकडे."

तिने स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या तळहातावर ठेवला. "शीळ डावीकडून येत होती, खालच्या पाइपांतून," एवढं सांगून ती मागे वळून न बघता जिना चढली. वळून बघितलं असतं तर पाय निघाला नसता.

मुलाखतीच्या खोलीत पंखा फिरत होता. टेबलावर अर्धा प्यालेला चहा होता. खुर्च्या रिकाम्या होत्या.

"सर?" तिने धापा टाकत विचारलं.

"तुम्ही पुढच्या जिन्याने आलात," शिपाईमामा कपाळाला हात लावून म्हणाले, "सर मागच्या जिन्याने गेले. उमेदवारांना झापायला म्हणून गेलेत."

कानसेन खिडकीशी गेली. खाली उस्तादांच्या टोपीला टेकून एक चकाकतं टक्कल बॉनेटमध्ये शिरलेलं होतं. झापण्याचं काही चिन्ह नव्हतं.

ती तिथेच उभी राहिली. सगळे भाग जागेवर बसवून गाडी पुन्हा चालू केली होती. खाली सर आणि उस्ताद एकेक पाइप चिमटीत दाबून बघत होते आणि सगळे एकदम बोलत होते, त्यामुळे त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. वर मात्र बोलणं विरून फक्त इंजिनाचा आवाज येत होता. एका क्षणी थरथर थांबली. शीळ विझली.

"सर, बोट आहे तिथेच ठेवा," कानसेन वरून म्हणाली.

सगळ्यांच्या माना वर झाल्या. सरांचं बोट जागचं हललं नाही. उस्तादांनी त्या बोटाखाली आपला अंगठा सरकवला आणि त्यांचा चेहरा उजळला. "चीर आहे. पाइपच्या खालच्या अंगाला. डोळ्याला दिसणारच नाही."

"बरोबर," सर म्हणाले. "गाडी पळताना हवा भरपूर लागते, तेव्हा एवढीशी चोरी खपून जाते. उभी राहिली की तीच जड होते."

उस्ताद त्यांच्याकडे बघतच राहिले. "असं असतं होय. आयुष्यभर पाइप बदलतोय, हे आज कळलं."

"मी आयुष्यभर हे फळ्यावर काढतोय," सर म्हणाले, "पण चीर अंगठ्याला कशी लागते ते आज कळलं. जरा दाखवता परत?"

पाइपला चिकटपट्टी गुंडाळली गेली. बाई गाडीत बसल्या आणि मासिक उराशी धरून त्यांनी विचारलं, "आता जाऊ?" निळी गाडी फाटकाबाहेर पडली, तेव्हा सगळं आवार गप्प उभं राहून कोपऱ्यावर विरेपर्यंत तो आवाज ऐकत होतं. मैफल संपल्यावर लगेच कुणी उठत नाही, तसं.

मग सरांनी वर पाहिलं. "तू कोण गं?"

"उमेदवार."

"म्हणजे ही गाडी अर्ध्यावर सोडून वर गेलेली तूच का?"

"मी. पण सोडली नाही सर. सोपवली."

सर हसले. "आणि तुझे मालक आलेत का?"

"तुमच्या शेजारीच आहेत. त्यांचा अंगठा अजून तुमच्या हातात आहे."

सर उस्तादांकडे वळले. "काय हो, सोडणार का हिला रोज पाचला?"

उस्तादांनी घसा खाकरला. नाही म्हणायला ते एवढ्या लांबून आले होते. त्यांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

"ते बघू," ते म्हणाले. "आधी मला सांगा, या वर्गाला वयाची अट असते का?"

हल्ली उस्तादांच्या गॅरेजचं शटर पाचच्या ठोक्याला खाली येतं. परवा उस्तादांच्या बायकोने कानसेनच्या आईला फोन करून विचारलं, की पांढऱ्या शर्टावरचं वंगण कुठल्या साबणाने निघतं, आणि यांचे खिसे रोज तपासावे लागतात का.

"रोज," आई म्हणाली. "आणि फ्रिजवर पार मागे ठेवायचं."

त्याच वेळी गॅरेजात कानसेन एका गाडीखालून म्हणत होती, "उस्ताद, पाच मिनिटं. गाडी अर्धी उघडी आहे."

"सकाळी येणाऱ्या नव्या माणसाला सोपव आणि बाहेर ये," दारात दप्तर घेऊन उभे असलेले उस्ताद म्हणाले. "उशीर झाला की ती टायरवाली माझा पहिला बाक पळवते."