एका बाजूचा उजेड

माझी बायको सुधा सोमवारी सकाळी गेली. संध्याकाळी हॉलमध्ये माणसं जमली. वरच्या मजल्यावरचे बर्वे आले, चपला काढल्या आणि मला भेटायच्या आधी त्यांनी ट्यूबलाइट बंद केली.

ओमानमधल्या वादी कबीरच्या आमच्या इमारतीत ही सवय सगळ्यांना माहीत होती. कोणाच्याही घरी गेले की बर्व्यांचा हात आधी बटणाकडे जायचा. "ट्यूब खलास," म्हणायचे, "उजेड एका बाजूने हवा."

या गृहस्थांची नोकरी मात्र दिव्यांच्या दुकानात. एक ओमानी गिऱ्हाईक बैठकीसाठी झुंबरं घ्यायला आलं, तर बर्व्यांनी सांगितलं, अर्बाब, म्हणजे शेठ, एकच दिवा पुरे, कोपऱ्यात. गिऱ्हाईक हसत हसत शेजारच्या दुकानात गेलं. मालकाने बर्व्यांना गोदामात पाठवलं. तिथला अंधार चांगला आहे, असं बर्व्यांचं मत.

हे वेड चित्रांमुळे लागलेलं. चारशे वर्षांपूर्वी युरोपातल्या चर्चसाठी रंगवलेली, बरोक शैलीतली चित्रं. सगळीकडे काळोख, आणि वरून एका बाजूने आलेला उजेड. सत्यनारायणाला आलेले बर्वे प्रसाद खाता खाता येशूला क्रुसावरून कसं उतरवलं ते सांगायचे. एकदा इमारतीच्या गणपतीची रोषणाई त्यांच्याकडे दिली, तर देवाची सोंड आणि एक मोदक एवढंच दिसत होतं. बाकीच्याला लोकांनी अंदाजाने हात जोडले. सुधा आठवडाभर हसत होती. "बर्वे भावजी, माझा फोटो काढाल तेव्हा दोन्ही डोळे येऊ द्या," म्हणाली होती.

त्या संध्याकाळी सुधाच्या जागी पणती तेवत होती. बर्व्यांनी ती जरा डावीकडे घ्यायला हात पुढे केला. अल हैलहून आलेल्या सुधाच्या मावशींनी बजावलं, हा दिवा हलवायचा नसतो. बर्वे "बरोबर" म्हणाले आणि त्यांनी सोफा हलवला, मावशींसकट. मग माझी खुर्ची भिंतीकडे ओढली. मावशींना हसू फुटलं. मलाही.

सकाळपासून मला रडू आलं नव्हतं. येणारा प्रत्येक जण माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी चहाचं विचारत होतो. आता पणतीचा उजेड माझ्या हातांपर्यंत येऊन थांबत होता. चेहरा कोणाला दिसत नव्हता. मी रडलो.

दिवसकार्य झाल्यावर मी बर्व्यांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी चित्रांचं पुस्तक उघडलं. येशूच्या पायाशी एक बाई रडत होती. उजेड तिच्या मानेवर होता, चेहरा काळोखात.

"चित्रकाराने तिला रडायला जागा ठेवलीय," ते म्हणाले. "माझी आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. घरातले सगळे दिवे लावलेले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी कपबशा विसळत राहिलो. नंतर जमलंच नाही."

बर्वे एकटे राहतात. हल्ली संध्याकाळी खाली येतात. त्यांच्या आधी ट्यूब मी बंद करतो. मावशी आल्या तर कुरकुरतात, बिस्किटं चाचपडून घ्यावी लागतात म्हणून. टेबल-लॅम्प माझ्या बाजूला असतो. भिंतीजवळची खुर्ची आता त्यांची आहे.