सासरेबुवांच्या झोपेचे हक्क

"फोटो ज्याने काढला, फोटो त्याचा. कुठेही जाऊन विचारा!" असं एक छायाचित्रकार भेटेल त्याला ऐकवत असत, आणि ऐकणाऱ्याला ते पटल्याशिवाय त्याचा हात सोडत नसत.

एका गादीवाल्याने त्यांना जाहिरातीसाठी गाढ झोपलेल्या माणसाचा फोटो काढायला सांगितलं. बोलावलेला मॉडेल दर क्लिकला दचकून डोळे उघडायचा. वैतागून त्याला घरी पाठवलं, तोवर लेकीला भेटायला आलेले सासरे स्टुडिओतल्या नव्या गादीवर "बघू तरी" म्हणून आडवे झाले आणि पाचव्या मिनिटाला तोंड उघडं टाकून घोरू लागले. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना पाहून अर्धं शहर अजूनही शर्टाची बटणं लावतं. असा मॉडेल शोधून मिळायचा नाही! छायाचित्रकारांनी धडाधड चाळीस फोटो काढले. सासऱ्यांना सांगायचं तेवढं राहून गेलं.

आठवड्याने फोटो झळकला, तोही सासऱ्यांच्याच शाळेसमोर, दोन मजली फलकावर. एकेक दात मोजून घ्यावा.

"बाबांनी पाहायच्या आत उतरवा," बायको म्हणाली. "नाहीतर ते या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाहीत, आणि मीही त्यांच्याबरोबर जाईन."

"तासाभरात उतरवतो. फोटो माझा आहे," म्हणत छायाचित्रकार सुसाट सुटले.

गादीवाल्याने शांतपणे ड्रॉवरमधून कागद काढला. "साहेब, कामाआधी तुम्हीच सही केलीत. कलम चार, फोटोचे सर्व हक्क दुकानाचे. वाचलं नव्हतं का?"

नव्हतं वाचलं. लाइट लावायच्या गडबडीत गुडघ्यावर कागद ठेवून सही ठोकली होती. छायाचित्रकार आधी भांडले, मग कलेविषयी बोलले, शेवटी चक्क हात जोडले. गादीवाला ढिम्म. आणि तेवढ्यात दारात सासरे!

सासऱ्यांनी चष्मा लावला, कागद अथपासून इतिपर्यंत वाचला.

"यांची सही आहे. पण चेहरा माझा आहे. माझी परवानगी कुठे आहे?"

गादीवाला चपापला. "सर, लगेच उतरवतो."

छायाचित्रकारांचा जीव भांड्यात पडला.

"उतरवू नका," सासरे म्हणाले. "सकाळपासून सतरा जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. म्हणतात, सर, तुम्हाला इतकं निवांत कधी पाहिलंच नव्हतं. फक्त तोंड मिटलेला फोटो लावा."

"आत्ता काढतो, बाबा!" छायाचित्रकारांनी कॅमेरा बाहेर काढलासुद्धा.

सासऱ्यांनी कागदाची घडी करून त्यांच्या हातात ठेवली.

"तुम्ही राहू द्या, जावईबापू. या वेळी वाचता येणारा माणूस बोलावू."