सिस्टर बसायला शिकली

एका रविवारी सकाळी आमच्या मजल्यावरच्या तीन माणसांच्या डोक्याला बँडेज होतं आणि तिघांनाही काहीही झालेलं नव्हतं. एक आमचे हे. दुसरे समोरचे शहाकाका. तिसरा बिचारा इस्त्रीचे कपडे द्यायला आला होता, त्याचं नशीब खोटं. नेमकी त्याच दिवशी माझी नणंद डोंबिवलीहून न सांगता आली. भावाचं डोकं पांढरंफेक बांधलेलं बघून तिने दारातच हंबरडा फोडला.

"काय झालं रे दादा?"

"काही नाही गं," हे शांतपणे पेपर वाचत म्हणाले, "काल सिस्टरचं ट्रेनिंग होतं."

आमच्या बिल्डिंगमध्ये एवढं सांगितलं की पुरतं. बाहेरच्या माणसाला मात्र फोड करून सांगावं लागतं, म्हणून सांगते.

सिस्टर म्हणजे सुमन परब, माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. मुलुंडलाच एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे. रिटायर व्हायला आली, पण चाल अजून अशी की जिन्यात समोरून आली तर आपणच भिंतीला चिकटावं. वडील गिरणीत होते, मूळ गाव देवगडकडचं. लग्न केलं नाही. दोन भावांना शिकवलं, त्यांची लग्नं लावली, ते विरारला स्थायिक झाले आणि आता गणपतीला न चुकता फोन करतात. तिला सुमन म्हणणारं बिल्डिंगमध्ये कोणी उरलेलं नाही. मीसुद्धा अगं-तुगं करते, पण हाक मारते ती सिस्टर म्हणूनच.

तर या नर्स लोकांचं असं असतं की शिकून झालं, नोकरी लागली, सुटलो, असं नाही. नोकरी करता करता सारखी ट्रेनिंगं करायची, त्याचे पॉइंट जमवायचे, नाहीतर रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही. बाकीच्या नर्सेस काय करतात? मागच्या रांगेत बसतात, जरा डुलकी काढतात, जेवणाचा डबा चांगला असला तर खूश होतात आणि पॉइंट घेऊन घरी येतात. त्यांचं काही चुकतं असं मी म्हणत नाही. आठवडाभर उभं राहून पाय सुजलेल्या बाईने खुर्ची मिळाल्यावर दुसरं काय करावं? पण आमची सिस्टर पहिल्या रांगेत बसते. आणि शनिवारी जे शिकते ते रविवारी आमच्यावर करून बघते.

"विद्या वापरली नाही तर गंजते," ती म्हणते. हिची विद्या चकचकीत राहावी म्हणून आम्ही झिजतो.

हात धुण्याचं ट्रेनिंग झालं तेव्हा सोसायटीच्या गणपतीत प्रसादाच्या आधी तिने सगळ्यांना नळापाशी उभं केलं. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, सगळं पद्धतशीर. मोदक समोर गार होतायत आणि ही ओरडतेय, "मनगट राहिलं! शहाकाका, मनगट!" शहाकाका कळवळून म्हणाले, "सिस्टर, आता हाड लागला हाताला!" पण धुतलं त्यांनी. सिस्टरसमोर नाही म्हणायची आमच्या सेक्रेटरीचीही हिंमत नाही.

छाती दाबून माणूस जिवंत करायचं शिकून आली तेव्हा ह्यांचा दुपारच्या झोपेचा लोड तिने जमिनीवर आडवा केला. त्याला आधी खांद्यावर थोपटून, "काका, ओ काका, ऐकू येतंय का?" असं मोठ्याने विचारलं. लोडाने उत्तर दिलं नाही. दिवाणावर झोपलेले हे मात्र दचकून उठले आणि "येतंय, येतंय" म्हणाले. तोवर तिने दाबायला सुरुवात केली होती. कोकणातला हात तो! लोडाची शिवण उसवली, कापूस घरभर झाला. लोड काही वाचला नाही.

पण कळस झाला तो पेशंटची ओळख पटवण्याच्या ट्रेनिंगनंतर. औषध देण्याआधी पेशंटला पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारायची, असा नियम. चांगला नियम आहे, माझं काही म्हणणं नाही. पण ही दारात सोलकढीचं भांडं घेऊन उभी.

"पूर्ण नाव सांग."

"अगं, जन्म गेला शेजारात!"

"नियम म्हणजे नियम. चुकीच्या माणसाला गेलं तर?"

"सोलकढी?"

"जन्मतारीख?"

काय करता! मी मुकाट्याने माझं बापाच्या नावासकट सगळं सांगितलं, तेव्हा भांडं हातात पडलं. सोलकढी झकास होती, म्हणून राग गिळला.

आणखी एक सांगायचं राहिलं. सिस्टर कधी बसत नाही. आमच्याकडे येते, उभ्याने चहा पिते, पिता पिता माझ्या ओट्यावरचा नॅपकिन घडी करते, ह्यांची नाडी बघते, आणि आपण काही मनातलं सांगायला तोंड उघडलं की "आलेच!" म्हणून निघून जाते. दूध ठेवलंय, आलेच. कपडे भिजतायत, आलेच. जाणारी बाई "आलेच" म्हणते आणि तासभर येत नाही, हे मी हिच्याकडेच पाहिलं. वॉर्डातही म्हणे पेशंट तिला 'आलेच सिस्टर'च म्हणतात.

अशी ही बाई, आणि मागच्या महिन्यात एका ट्रेनिंगमध्ये चक्क नापास झाली.

संध्याकाळी आली ती तोंड एवढंसं करून. मी म्हटलं, "काय गं, कोणी काय बोललं?" तर म्हणाली, "लता, माझी वाट लागली."

झालं होतं असं. त्यांच्या हॉस्पिटलात नवीन वॉर्ड निघतोय. ज्यांचा आजार आता बरा व्हायचा नाही, त्यांचं दुखणं कमी करायचं, शेवटचे दिवस सुखाचे करायचे, असा वॉर्ड. तिथे काम करायला वेगळं ट्रेनिंग. लेखी परीक्षेत ही पहिली आली. मग प्रॅक्टिकल. शिकवणारी बाई पेशंट होऊन पलंगावर झोपली, आणि नर्सने काय करायचं, तर शेजारी खुर्चीवर बसून तिचं ऐकायचं. बस, एवढंच.

"मग?"

"मग काय, तिची उशी वाकडी होती, ती सरळ केली. नाडी बघितली. पाणी दिलं. ती म्हणाली, सिस्टर, मला भीती वाटते. मी म्हटलं, काही होत नाही हो आजी, आलेच मी औषध घेऊन." सिस्टरने डोळे पुसले. "माझ्या भाचीच्या वयाची पोरगी गं ती. मला म्हणते, सिस्टर, तुम्ही पेशंट सोडून सगळ्याकडे बघितलंत."

मला हसू येत होतं, पण दाबलं. पुढच्या शनिवारी तिला पुन्हा एकदा बसवणार होते. त्यात जमलं नाही तर वॉर्डातली जागा दुसरीला.

"मग जाऊ दे ना दुसरीला," मी म्हटलं. "रिटायर व्हायला आलीस. मरणाच्या दारातली माणसं कशाला मागून घेतेस? बाकीच्या तर त्या वॉर्डाच्या नावाने पळतायत म्हणालीस."

"मला तोच पाहिजे."

"पण का?"

"पाहिजे," ती म्हणाली. "दूध ठेवलंय. आलेच."

झालं! दुसऱ्या दिवसापासून मी पेशंट. रोज संध्याकाळी मी दिवाणावर आडवी, ही समोर खुर्चीवर, आणि हे मध्ये पंचासारखे.

पहिल्या दिवशी मी कण्हून म्हटलं, "सिस्टर, मी काही आता जगत नाही गं." तर म्हणते, "तुझ्या पायाला सूज आहे. मीठ कमी कर." हे म्हणाले, "आउट."

दुसऱ्या दिवशी मी रडण्याचं नाटक इतकं छान वठवलं की माझं मलाच कौतुक वाटलं. ही मान वर करून बघत बसली. मी म्हटलं, "काय बघतेस?" म्हणाली, "पंख्यावर किती धूळ आहे गं! स्टूल कुठाय?" आणि चढलीसुद्धा. माझ्या शेवटच्या घटकेला हिने पंखा पुसला.

तिसऱ्या दिवशी ती स्वतःच्या हातांवर बसली. खरंच सांगते, दोन्ही तळवे मांडीखाली दाबून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी. हात बांधले गेले, तर तोंड सुटलं. "काही होत नाही, होशील बरी, उद्या सूप देते तुला." मग पाय हलायला लागले. तिला बसायचं होतं हो, मनापासून बसायचं होतं. पण तिच्या अंगालाच बसणं ठाऊक नव्हतं.

शेवटी शुक्रवार उजाडला, उद्यावर परीक्षा आली आणि माझा संयम संपला. मी जरा तापटच आहे, त्यात आठवडाभर मरून मरून कंटाळलेली. "ऊठ!" मी ओरडले. "तू हो पेशंट. मी बसते. माणूस कसं बसतं ते बघ एकदा!"

ती दिवाणावर आडवी झाली. साडी पायाशी नीट केली, हात पोटावर ठेवले. मी खुर्ची ओढून बसले. एवढ्या वर्षांत मी तिला आडवी झालेली कधी बघितलीच नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. आडवी झाल्यावर केवढीशी दिसत होती.

"काय बोलू?" तिने विचारलं.

"पेशंट बोलतात ते बोल."

तिने नजर छताकडे लावली. मग हळूच, गावच्या बोलीत म्हणाली, "खंय चललंस? जरा बस गो माझ्याकडे."

मला वाटलं नाटक करतेय. पण तिचा आवाज वेगळा होता.

"आई म्हणायची," ती म्हणाली. "शेवटी एवढंच म्हणायची. मी रजा टाकून गावाला गेले होते. नर्स मुलगी आली म्हणून सगळी वाडी खूश. लता, मी आईच्या पाठीला एक ओरखडा उठू दिला नाही गं. वेळेवर कूस बदलली, औषध दिलं, रोज चादर बदलली. ती म्हणायची, जरा बस गो. मी म्हणायचे, आलेच. गरम पाणी घेऊन आलेच. पेज घेऊन आलेच. त्या दिवशी पण म्हणाली. मी म्हटलं, एवढी चादर वाळत घालते नि आलेच."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"चादर वाळत घालून आले, तर ती नव्हती."

माझ्या जिभेवर सगळं आलं. अगं, तू किती केलंस. कोणती मुलगी एवढं करते. वेळ आली होती त्यांची. माझे हात तिच्या डोळ्यांकडे पदर न्यायला निघाले. पण मी हात मांडीखाली दाबले आणि बसून राहिले. तेव्हा मला कळलं, हे किती कठीण असतं ते.

स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या. मी उठले नाही. ज्यांनी लग्नापासून गॅसला हात लावला नव्हता, ते आमचे हे उठले, आत गेले आणि गॅस बंद करून तिथेच उभे राहिले.

"तिथे ते पेशंट असतील ना," सिस्टर छताकडे बघतच म्हणाली, "ते पण म्हणतील, बस जरा. मला यायला पाहिजे गं बसता."

शनिवारी दुपारपासून मी दाराकडे कान लावून. शहाकाका दोनदा विचारून गेले. संध्याकाळी बेल वाजली. दारात सिस्टर, केस विस्कटलेले, हातात ट्रेनिंगचा जेवणाचा डबा तसाच बंद.

"काय झालं?"

"पास."

मी तिला हाताला धरून आत ओढलं. "अगं पण सांग तरी! कसं केलंस?"

"काही नाही केलं," ती म्हणाली. "ती पोरगी पेशंट झाली. म्हणाली, मुलगा फोन करत नाही. उशी वाकडी होती हां तिची. मी नाही केली सरळ. बसले. मग ती म्हणाली, घरी जायचंय. मी नाही म्हटलं होशील बरी. नुसता हात धरला. तर लता, ती खरीच रडायला लागली गं. तिची आजी गेली म्हणे मागच्या वर्षी."

"अगंबाई! सिस्टर, जिंकलीस तू!" मला इतका आनंद झाला की काय करू नि काय नको. "थांब, तोंड गोड करते तुझं. साखर आणते, आलेच!"

मी वळले, तर माझा पदर तिने धरलेला. ती आमच्या खुर्चीवर बसली होती. नॅपकिन घडी करत नव्हती, ह्यांची नाडी बघत नव्हती. पाठ टेकून, हात मांडीवर मोकळे टाकून, पहिल्यांदाच नीट बसली होती.

"साखर राहू दे गं," सिस्टर म्हणाली. "बस ना जरा माझ्याकडे."

मी बसले. चहा ह्यांनी केला. साखर घालायची विसरले होते, पण आम्ही दोघींनी बसल्या बसल्या पिऊन टाकला.